कळ थांबली, खडा तिथंच

पुण्यात कुणाला नुसतं सांगून बघा की मला मुतखडा झालाय, अर्ध्या तासात चार-पाच उपाय हातात पडतात आणि सगळेच रामबाण. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी पानफुटीची अख्खी कुंडी आणून दिली, शाळेतल्या मामांनी हुलग्याचं कढण सांगितलं, एका मैत्रिणीने हळूच बियर सुचवली (वर "औषध म्हणून गं" असं) आणि सासूबाईंनी त्याच संध्याकाळी टोमॅटो आणि दूध दोन्ही बंद करून टाकलं. सगळ्यांची माया खरी होती त्याबद्दल वादच नाही, पण कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नसतं आणि डीजे स्टेंट नावाचं एक प्रकरण असतं, या दोन गोष्टी यातल्या एकानेही सांगितल्या नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी शाळेत विज्ञान शिकवते, नववी-दहावी. एप्रिल महिना, पुण्यातला तो कोरडा उन्हाळा, घाम आलेला कळतही नाही आणि अंगातलं पाणी मात्र जातच असतं. फळ्यावर लिहिताना डाव्या बाजूला पाठीत, बरगडी संपते त्याच्या खाली दुखायला लागलं, म्हणलं उसण भरली असेल. बघता बघता ते कुशीतून खाली ओटीपोटात आणि जांघेपर्यंत उतरलं आणि मी खडू टाकून स्टाफरूममध्ये. तिथे कुणी ओवा देतंय, कुणी इनो देतंय, "मॅडम पडून राहा जरा" म्हणतायत, पण पडताच येईना, बसताही येईना, नुसत्या येरझाऱ्या आणि मग उलटी. माझी दोन बाळंतपणं झालीत आणि तरीही सांगते, हे वेगळंच होतं. तिथे दोन कळांच्या मध्ये जरा श्वास घ्यायला मिळतो, इथे कमी-जास्त होतं पण सुटका नाही.

एका सरांनी गाडीतून जवळच्या हॉस्पिटलला नेलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर नंतर म्हणाल्या की तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच अंदाज आला होता, अपेंडिक्सवाला पेशंट हलायला घाबरतो आणि खड्याचा पेशंट एका जागी थांबत नाही. कमरेवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, एक उलटीचं, आणि थोड्या वेळात मी माणसात आले. मला वाटलं होतं दोन-चार बाटल्या सलाईन लावतील आणि खडा वाहून जाईल, तर डॉक्टर म्हणाल्या सलाईन फक्त उलट्यांमुळे गेलेलं पाणी भरून काढायला, कळ चालू असताना पाणी ढोसून खडा पुढे ढकलला जात नाही, उलट आधीच तुंबलेल्या किडनीवर अजून दाब येतो. आणि दुखतं तेही मुख्यतः खडा टोचतो म्हणून नाही, लघवी अडकून वरचा दाब वाढतो आणि किडनीकडून ब्लॅडरकडे जाणारी नळी पिळवटते म्हणून. हे मला पटकन पटलं कारण दाबाचा धडा मीच शिकवते.

लघवीच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्त होतं. मग सोनोग्राफी, त्यासाठी ब्लॅडर भरलेली हवी, म्हणजे उलट्या होणाऱ्या बाईला पाणी प्यायला लावायचं, असो. सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज दिसली पण खडा काही दिसला नाही. नवरा म्हणाला म्हणजे खडा नाहीच ना मग? तर तसं नाही, नळीचा मधला भाग आतड्यातल्या गॅसमुळे सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही, सूज आहे म्हणजे खाली काहीतरी अडलंय. म्हणून साधा सिटी स्कॅन, बिनकॉन्ट्रास्टचा. त्याच्या आधी पाळीची तारीख विचारून प्रेग्नन्सी टेस्ट करून घेतली, चाळिशी ओलांडलीय म्हणून गृहीत धरलं नाही हे मला आवडलं. स्कॅनमध्ये सापडला, ७ मिलिमीटर, नळी जिथे ब्लॅडरला मिळते त्याच्या जरा वर.

किडनीपासून ब्लॅडरपर्यंतची ही नळी साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि आतून फार तर ३-४ मिलिमीटर, आणि तीन ठिकाणी ती मुळातच अरुंद असते. किडनीतून निघते तिथे, मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाते तिथे आणि ब्लॅडरमध्ये शिरते तिथे. खडे अडकतात ते जास्त करून याच जागांवर.

दुसऱ्या दिवशी युरॉलॉजिस्टकडे. शांत माणूस, घाई नाही. म्हणाले ४-५ मिलिमीटरच्या आतला असता तर मी बिनधास्त सांगितलं असतं की पडेल, सात म्हणजे निम्मं-निम्मं, पडू शकतो पण खात्री नाही, महिनाभर वाट बघू. क्रिएटिनिन (रक्ताच्या तपासणीत किडनीचं काम दाखवतं ते) नॉर्मल होतं, ताप नव्हता, दुसरी किडनी ठणठणीत, म्हणून थांबता येणार होतं. कधी थांबायचं नाही हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं आणि नवऱ्याकडूनही वदवून घेतलं: थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात तर पेनकिलर घेऊन घरी बसायचं नाही, रात्री दोन वाजले असतील तरी यायचं. अडलेल्या किडनीत इन्फेक्शन झालं तर ते जिवावर बेतू शकतं.

गोळी दिली टॅमसुलोसिन, रात्री एक. मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणतो, "मॅडम, ही सासऱ्यांची का?" म्हणलं माझी. "पण ही तर प्रोस्टेटची आहे." आजूबाजूचे दोन काका वळून बघायला लागले. तर तिचा उपयोग असा की नळीच्या खालच्या भागातले स्नायू ती सैल करते, वाट जरा मोकळी होते, बाईला दिली तरी चालते. उठताना चक्कर येऊ शकते म्हणून झोपताना घ्यायची, मला पहिले काही दिवस पहाटे बेडवरून उठताना भिंत धरावी लागत होती.

आणि गाळणी. प्रत्येक वेळी लघवी गाळायची, खडा पडला तर तो तपासायला हवा म्हणून. चहाची नवी गाळणी आणली, दांड्याला लाल दोरा बांधला आणि बाथरूममध्ये वर ठेवली, तरी सासूबाईंना धाकधूक की चुकून चहाला येईल, त्यांनी त्या काळात चहा फडक्याने गाळला. शाळेत गाळणी पर्समध्ये. हसू येतं आता.

मधे अजून दोनदा कळ आली, पहिल्याएवढी नाही. आणि मग बंदच. एक दिवस गेला, आठवडा गेला, काहीच नाही. घरात आनंदीआनंद, काका म्हणाले पानफुटी, मामा म्हणाले हुलगे, प्रत्येकाला आपापलं श्रेय. गाळणीत काही आलेलं नाही म्हणलं तर "अगं विरघळून गेला असेल". ऑक्सलेटचा खडा (नेहमी सापडतो तो प्रकार) असा विरघळत नाही, युरिक अ‍ॅसिडचा असेल तर लघवीचं अ‍ॅसिड कमी करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतो, पण हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला मी गेले कारण तारीख दिली होती म्हणून, दुखत होतं म्हणून नाही. सोनोग्राफीत सूज पहिल्यापेक्षा जास्त. ब्लॅडर भरलेली असताना दोन्ही नळ्यांमधून लघवीची बारीक चिळकांडी आत येताना दिसते, त्याला जेट म्हणतात, उजवीकडची छान दिसत होती आणि डावीकडची जेमतेम. खडा होता तिथेच.

मग दुखत का नाहीये? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. काही काळ अडलेलं राहिलं की त्या किडनीचं गाळायचं काम कमी होत जातं, लघवी कमी बनते, दाब उतरतो आणि दुखणं थांबतं. म्हणजे आपल्याला बरं वाटतंय आणि ती बिचारी किडनी हळूहळू संप करतेय. बरेच महिने तसंच राहिलं तर तिचं काम कायमचं जाऊ शकतं, आणि दुसरी किडनी सगळं सांभाळून घेते त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टमध्येही पटकन कळत नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्या येरझाऱ्यांच्या दिवशी वाटली नव्हती एवढी.

आमच्या ओळखीच्या एका वैद्यांनाही विचारलं, औषधाने होईल का म्हणून. ते स्वतःच म्हणाले, सूज वाढतेय म्हणता तर वेळ घालवू नका, सुश्रुतानेसुद्धा लहान असताना औषध आणि वाढला की शस्त्र असंच सांगून ठेवलंय. मला हे फार आवडलं.

पर्याय दोन होते. एक लिथोट्रिप्सी, बाहेरून शॉकवेव्ह देऊन फोडायचा. हे तंत्र पहिल्यांदा माणसावर वापरलं ते १९८० साली जर्मनीत म्युनिकला, आणि मशीन बनवणारी डॉर्नियर ही मुळात विमानांची कंपनी, विज्ञानाच्या बाईंना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, सॉरी. दुसरा यूआरएस, म्हणजे लघवीच्याच मार्गाने बारीक दुर्बीण आत घालून लेसरने फोडायचा, कुठे कापायचं नाही. माझा खडा सिटीवर कडक दिसत होता आणि खाली होता, म्हणून डॉक्टर म्हणाले दुर्बिणीने एकाच वेळेत काम होण्याची शक्यता जास्त. किडनीत दोन सेंटीमीटरच्या वरचा मोठा खडा असेल तर पाठीतून छोटं छिद्र पाडून काढतात, ते माझ्या जावेच्या भावाचं झालेलं, त्यामुळे घरात सगळे तेच धरून बसलेले की आता पाठीत भोक पाडणार.

इन्शुरन्सचं एक सांगते कारण यात लोक फसतात. आमची घरची पॉलिसी नवी होती आणि तिच्यात खड्यासाठी दोन वर्षांचं वेटिंग, बारीक अक्षरात. अशी अट बऱ्याच घरगुती पॉलिसींमध्ये असते, काढून बघा एकदा. नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत वेटिंग नव्हतं म्हणून निभावलं. कॅशलेसची मंजुरी यायला मात्र डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळ झाली, बेडवर कपडे बदलून बसलेय आणि खाली टीपीए डेस्कवर (इन्शुरन्सची मंजुरी बघतात तिथे) नवरा चकरा मारतोय.

आधी लघवीचं कल्चर (जंतू आहेत का बघायची तपासणी) केलं, इन्फेक्शन असेल तर आधी अँटिबायोटिक आणि मगच दुर्बीण. ऑपरेशन पाठीत भूल देऊन, कमरेखालचं जड होत जातं आणि मग पाय आपले नाहीतच असं वाटतं. मी जागी होते, समोर स्क्रीन, डॉक्टरांनी विचारलं बघायचंय का, म्हणलं हो. पिवळट-तपकिरी, खडबडीत, एवढासा. लेसरने त्याची भुकटी होत होती, मोठे तुकडे चिमट्याने काढून बाटलीत. मला मजा येत होती हे ऐकून सिस्टर हसायला लागल्या.

खरा त्रास त्याच्यापुढे, स्टेंट. दुर्बीण घातल्यामुळे नळी आतून सुजते, ती बंद पडू नये म्हणून किडनीपासून ब्लॅडरपर्यंत एक मऊ प्लास्टिकची नळी ठेवून देतात, दोन्ही टोकं इंग्रजी जे सारखी वळलेली म्हणून डबल जे, बोलताना डीजे. सगळ्यांना ठेवावीच लागते असं नाही पण मला ठेवली. तर हा डीजे अंगात असेपर्यंत गणपतीतला डीजे बरा असं वाटेल. सारखं लघवीला लागल्यासारखं, जाऊन आलं की परत, आणि लघवी करताना पाठीत कुशीत उलटी कळ, कारण लघवी त्या नळीतून थोडी वर चढते. सिंहगड रोडवरून रिक्षाने आलं की लघवी लालसर. मी घाबरून फोन केला तर असिस्टंट डॉक्टर म्हणाल्या हालचाल झाली की नळीचं टोक घासतं, पाणी प्या, आराम करा, गाठी पडायला लागल्या किंवा ताप आला तर या. त्रास कमी करायला गोळ्या असतात, त्यातली एक परत तीच टॅमसुलोसिन. कामावर जाता येतं का? जाता येतं. पण तास घेताना दर वीस मिनिटांनी वर्ग सोडून जाणाऱ्या बाई मुलांना दिसतात आणि नववीची मुलं काय असतात ते तुम्हाला माहितीये.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं, स्टेंट काढायची तारीख. माझ्या फाईलवर लाल पेनने लिहिलेली, वर नवऱ्याच्या मोबाईलवर रिमाइंडर, हॉस्पिटलमधूनही फोन आला. डॉक्टर म्हणाले की काही जणांना सवय होऊन जाते, त्रास थांबतो, विसरतात, आणि वर्षाने येतात तेव्हा त्या नळीवरच खडे साचलेले असतात, मग ती काढणं म्हणजे मूळ ऑपरेशनपेक्षा मोठं काम. काढताना भूल नाही, फक्त बधिर करणारी जेली आणि बारीक दुर्बीण, बायकांमध्ये मार्ग आखूड असल्याने पटकन होतं. मी डोळे मिटून पाढे म्हणायला घेतले आणि एकोणिसाच्या पाढ्यात संपलंसुद्धा.

खड्याचा रिपोर्ट आला, कॅल्शियम ऑक्सलेट मोनोहायड्रेट. सगळ्यात जास्त सापडणारे खडे कॅल्शियम ऑक्सलेटचेच आणि त्यातला मोनोहायड्रेट म्हणजे कडक प्रकार. महिन्या-दोन महिन्यांनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. लॅबमधून मोठा कॅन मिळतो, सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून पुढची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून. रविवारीच करता येतं. पण माझा सल्ला, नेहमीच्या दिवशी जसं खाता-पिता तसंच त्या दिवशी खा-प्या, उगाच शहाण्यासारखं तांब्या-तांब्या पाणी पिऊन रिपोर्ट सुंदर करून काही उपयोग नाही. माझी दिवसभराची लघवी जेमतेम लिटरभर निघाली. व्हायला हवी अडीच लिटरच्या आसपास. सायट्रेट (खडा होऊ न देणारं द्रव्य) कमी, सोडियम (मिठातलं) जास्त.

आता खाण्याचं, कारण घरोघरी इथेच गोंधळ. दूध बंद केलेलं ते डॉक्टरांनी आधी चालू करायला लावलं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच पकडतं आणि तिथूनच बाहेर जातं, कॅल्शियम बंद केलं तर उलट ऑक्सलेट मोकळं रक्तात आणि मग लघवीत जातं. टोमॅटोमध्ये ऑक्सलेट फारसं नसतंच, बियांचे खडे होतात हा निव्वळ गैरसमज, सासूबाईंना मात्र हे अजून पूर्ण पटलेलं नाही, त्या बिया काढूनच टाकतात. खरं ऑक्सलेट पालक, अळू, बीट, बदाम-काजू यांत. आणि गंमत म्हणजे अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो ना, तो कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळेच. म्हणजे ज्याने मला शाळेतून उचलून न्यावं लागलं तेच द्रव्य आपल्या फदफद्यात. मी दहावीच्या वर्गात हे सांगितलं, एवढं लक्ष देऊन मुलांनी कधी ऐकलं नव्हतं. पालक मी पूर्ण सोडला नाहीये, ताकातला पालक करते, उकळून पाणी काढून टाकते आणि ताकातलं कॅल्शियम आहेच. आपल्या जुन्या बायकांना रसायनशास्त्र नव्हतं येत पण जोडी बरोबर जमवली होती.

मीठ हा खरा व्हिलन. जास्त मीठ म्हणजे लघवीतून जास्त कॅल्शियम. लोणचं, पापड, वेफर्स, बेकरीचं खारी-टोस्ट, हे सगळं मोजायला लागल्यावर कळलं किती होतं. लिंबाने सायट्रेट वाढतं, म्हणून रोज लिंबू पाणी, पण आपलं सरबत म्हणजे मीठ आणि साखर दोन्ही, मी नुसतं लिंबू पिळते, चव वाईट लागते, पिते. शिवाय पोटॅशियम सायट्रेटचं औषध. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या मी सर्दीसाठी मनानेच घ्यायचे, त्या बंद, त्यांचं शरीरात ऑक्सलेट होतं. धायरीच्या टँकरच्या जड पाण्याबद्दल सगळेच विचारतात, मीपण विचारलं, डॉक्टरांचं म्हणणं पाणी कुठलं यापेक्षा किती पिता ते बघा.

आणि किती पिता, तर तिथेच सगळं अडलेलं. शाळेतल्या आम्ही बायका पाणी पीत नाही कारण जायची सोय धड नाही, दोन मजल्यांसाठी एक टॉयलेट, दाराची कडी अर्धी, आणि मधल्या सुट्टीत रांग. लघवी धरून ठेवल्याने थेट खडा होतो असं नाही, लागूच नये म्हणून आपण पाणी पीत नाही त्याने होतो. हे मी स्टाफ मीटिंगमध्ये रिपोर्ट हातात धरून बोलले, आधी सगळे पुरुष शिक्षक खाली बघायला लागले, मग एकेक मॅडम बोलायला लागल्या, कुणाला सारखं इन्फेक्शन, कुणाला मूळव्याध. मुलींचंही तेच, त्या तर सकाळी घरून निघाल्या की दुपारपर्यंत घोटभर पाणी नाही. मुख्याध्यापकांनी बंद पडलेलं वरच्या मजल्यावरचं टॉयलेट दुरुस्त करून घेतलं, एवढं झालं. मुलींच्या बाजूचं काम अजून पुढच्या बजेटवर ढकललंय, मी दर मीटिंगला विषय काढते, आता मला बघितलं की संस्थेचे लोक घड्याळ बघतात.

नंतरच्या सोनोग्राफीत डावी किडनी नॉर्मल, सूज पूर्ण गेली. उजवीकडे मात्र ३ मिलिमीटरचा एक बारीक दिसतोय, किडनीच्या खालच्या कप्प्यात. डॉक्टर म्हणाले बसलाय तिथे बसू दे, त्रास देत नाही, वर्षातून एकदा बघू. काकांनी लगेच पानफुटीची दुसरी कुंडी आणली. हुलग्याचं कढण मी पिते हो, थंडीत छान लागतं, तेवढंच पोटात अजून एक भांडं पाणी जातं. मीठ कमी घालायला लावलंय फक्त.